भीमरावांची डावी फेक

भीमराव ओव्हाळ खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा पुढच्या आयुष्याचा त्यांचा बेत अगदी साधा होता. आठवड्यातून दोनदा तळ्यावर जायचं, मासे धरायचे आणि उरलेल्या दिवसांत पुढच्या खेपेची तयारी करायची. पण त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर एका सकाळी दाढी करताना त्यांच्या उजव्या हातातून रेझर गळून पडला. तो उचलायला वाकले ते तसेच बेसिनला धरून खाली बसले. सुंदराबाईंनी आवाज ऐकला, नवऱ्याचं वाकडं झालेलं तोंड पाहिलं आणि रडत बसण्याऐवजी शेजाऱ्यांना रिक्षा काढायला लावली. वेळेत नेलं म्हणून बरंच काही वाचलं. उन्हाळ्यापर्यंत भीमराव चालू लागले, बोलणंही स्वच्छ झालं. मागे राहिला तो उजवा हात. तो धरायचा, सोडायचा, पण सगळं सावकाश. खांद्याच्या वर जायला तर त्याचा साफ नकार होता.

डॉक्टरांनी स्पंजचा एक चेंडू दिला होता, दिवसभर दाबत राहा म्हणून. भीमराव तो टीव्हीशेजारी ठेवून द्यायचे.

"अहो, दाबा ना जरा," सुंदराबाई म्हणायच्या.

"काय दाबू? त्यातून काय निघणार आहे?"

हे २०११ साल. त्यांची मुलगी प्रियदर्शनी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. सकाळी दापोडीहून कंपनीची बस पकडायची आणि संध्याकाळी वाकडच्या चौकात अडकून, दमून घरी यायचं. एका शनिवारी ती उशिरा उठून बाहेर आली, तर बाबांच्या मासे धरायच्या काठ्या हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, दोरा गुंडाळायची रीळं पिशवीत भरलेली आणि आमिषांचा हिरवा डबा सोफ्यावर.

"हे काय, बाबा?"

"दशरथ न्यायला येतोय," भीमराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. दशरथ म्हणजे कारखान्यातला त्यांच्याच खात्यातला मित्र. "माळ्यावर गंजण्यापेक्षा त्याच्या उपयोगी पडतील."

आतून पोळपाटाचा आवाज येत होता. सुंदराबाई गरजेपेक्षा जास्त जोरात लाटत होत्या.

प्रियदर्शनीनं सगळ्यात जाड काठी हातात घेतली. हिच्यावर बसणारं जपानी रीळ घरात आलं तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. त्याआधी असलं रीळ हवं तर कुणाचा तरी भाऊ आखातातून यायची वाट बघावी लागे. मग देशाचे दरवाजे उघडले आणि कॅम्पातल्या एका दुकानात काचेमागे ही रीळं दिसायला लागली. बाबा तिला स्कूटरवर पुढे उभी करून तिथे घेऊन जायचे आणि नुसते बघून परत यायचे. शेवटी एकदा घेतलंच, तेव्हा कित्येक दिवस ते त्यांच्या उशाशी होतं.

"दशरथकाकांना द्या, माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "पण आधी मला शिकवा."

"तुला? गांडूळ दाखवलं की ओरडत घरात पळायचीस."

"तुमच्या डब्यात गांडूळ कुठंय? सगळं रबराचं नि पत्र्याचं तर आहे."

भीमरावांनी पेपर खाली केला.  मग म्हणाले, "दशरथला फोन कर. म्हणावं, घाई नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक घरामागच्या शाळेच्या मैदानावर गेले. भीमरावांसाठी घडीची खुर्ची घेतली होती. फेकायचं शिकायला पाणी लागत नाही, आमिषाचा गळ तेवढा काढून ठेवायचा. प्रियदर्शनीनं जाड काठी उचलली, कारण ती दिसायला सगळ्यात भारी होती. तिच्यावर जपानी रीळ चढवलं आणि डब्यातून एक छोटी चकचकीत भिंगरी काढून दोऱ्याला बांधली. भिंगरी म्हणजे तारेवर फिरणारं नखाएवढं पातं. पाण्यातून ओढलं की ते गरगरतं आणि माशाला वाटतं, बारीक मासोळी पळतेय.

भीमराव खुर्चीतून बघत होते. तिनं जोर लावून काठी फिरवली. भिंगरी तिच्या बुटापाशी पडली आणि रिळातला दोरा भसाभसा बाहेर येऊन त्याचं सुगरणीचं घरटं झालं.

भीमराव हसले. आधी नाकातल्या नाकात, मग खुर्ची हलेपर्यंत. दवाखान्यातून आल्यापासून ते असे हसले नव्हते.

"हसताय काय? सांगा ना काय चुकलं."

"काठी वाकली का?"

"नाही."

"मग फेकलं कुणी? फेकते काठी, दर्शू, आपण नाही. तिला मागे वाकवायला टोकाशी वजन पाहिजे. ती वाकते आणि सरळ होताना आमिष फेकून देते. या काठीला टोकाशी भिंगरी आहे हे कळलंसुद्धा नाही."

"मग ही काठी कशाला?"

त्यांनी डब्यातून रबरी बेडूक काढला. पोट भरलेलं, पाय झालरीसारखे. "हा घे. हा जड आहे. शेवाळात, पाणवनस्पतीत टाकायचा, तिथं मरळ दबा धरून असते. तिला त्या पसाऱ्यातून ओढून काढायचं तर काठी ताठ पाहिजे, दोरा जाड विणीचा पाहिजे आणि रीळ हे असं, काठीच्या वर बसणारं, जोर सहन करणारं. मात्र फेकताना याच्यावर सारखा अंगठा ठेवावा लागतो. अंगठा चुकला की…" त्यांनी घरट्याकडे बोट दाखवलं.

"आणि भिंगरीला?"

"ती बारीक काठी. लवचीक. बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, आणि ते काठीखाली लटकणारं रीळ. त्याला अंगठाबिंगठा लागत नाही, दोरा आपोआप सुटतो. पोरासोरांचं काम." हे शेवटचं त्यांनी जरा तुच्छतेनं सांगितलं.

मग ते रीळ मांडीवर घेऊन गुंता सोडवायला बसले. डाव्या हातात दाभण, उजव्या हाताच्या चिमटीत दोऱ्याचा एकेक वेढा. चिमटी सुटायची, ते पुन्हा धरायचे. ऊन चढलं, क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचा डाव संपून दुसरा सुरू झाला. उजवा हात एवढा वेळ कामाला लागला होता, हे प्रियदर्शनीनं पाहिलं, पण बोलली नाही. बोलली असती तर तो हात लगेच मांडीखाली गेला असता.

त्यानंतर रविवार म्हणजे मैदान, असं ठरूनच गेलं. प्रियदर्शनीचा बेडूक हळूहळू लांब जायला लागला. भीमराव खुर्चीतून सूचना द्यायचे, खास त्यांच्या पद्धतीनं. "छान. आता पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवून फेक." ती चिडायची आणि पुढची फेक चांगली करायची.

गणपतीच्या सुमाराला एक दिवस ती चहा घ्यायला घरी गेली आणि थर्मास घेऊन परत येते, तर बाबा खुर्चीतून उठून मैदानाच्या मध्यावर उभे. जाड काठी त्यांच्या उजव्या हातात होती. तिनं हाक मारायच्या आत त्यांनी फेकलं. हात खांद्याशी अडला, बोटं सुटली आणि काठीच उडून क्रिकेटच्या खेळपट्टीवर पडली. टोकाची कडी तुटली. मुलं टाळ्या वाजवायला लागली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण भीमरावांचा चेहरा काळवंडला.

घरी आल्यावर पलंगावर पाठ टेकून म्हणाले, "फोन कर दशरथला. म्हणावं, आता खरंच घेऊन जा."

"डाव्या हातानं बघू या ना."

"तू ऑफिसात असताना बघितलंय. डाव्या अंगठ्याला काही येत नाही. दर वेळी गुंता. पस्तीस वर्षांचं शिकलेलं या हातात आहे," त्यांनी उजवा हात डाव्यानं उचलून दाखवला, "आणि हा असा."

सुंदराबाई दारात उभ्या होत्या. आत जाऊन त्यांनी आमटी गरम करायला ठेवली.

तो आठवडाभर प्रियदर्शनी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून त्याच एका गोष्टीचा विचार करत होती. ऑफिसात एखादी गोष्ट चालत नसली की ती प्रथम काय चालतंय ते पाहायची. बाबांचा उजवा हात धरू शकतो, सावकाश गोल फिरू शकतो. डाव्यात जोर आहे, चपळाई आहे, फक्त शिक्षण नाही. म्हणजे काठी डाव्यात हवी आणि रिळाचा दांडा उजव्यात. अंगठ्याचं काम मुळातच नको. मग उरतं ते खाली लटकणारं रीळ. पण त्याचा दांडा तर डावीकडे होता. वाकडच्या चौकात बस बंद पडल्यासारखी उभी असताना तिनं मोबाइलवर एका परदेशी माणसाचा रीळ साफ करण्याचा व्हिडिओ पाहिला. त्यानं साफ करताना दांडा काढला आणि परत बसवताना, जणू काही विशेष नाही अशा थाटात, दुसऱ्या बाजूनं बसवला.

घरी पोचल्यावर तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. पिशवीतून ते लहान रीळ काढलं, उजव्या बाजूचं झाकण फिरवलं. ते निघालं. डावीकडचा दांडा सोडवून उजवीकडून घातला, आवळला. फिरवला तर फिरला.

भीमराव जेवत होते. घास तसाच हातात राहिला.

"हे होतं होय याच्यात?"

"तुम्ही कधी उघडूनच पाहिलं नसेल."

"उघडायचं काय? ते शिकाऊ लोकांचं रीळ आहे."

"मग डावा हात शिकाऊच आहे की, बाबा."

 भीमरावांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि म्हणाले, "हात धुऊन येतो. ठेवू नकोस आत."

तरी एक अडचण राहिलीच. दांड्याच्या टोकाची मूठ सुपारीएवढी होती. उजव्या हाताची बोटं तिच्यावरून घसरायची. दोघंही त्याच्यावर डोकं लावून बसले. कुणी चिंधी गुंडाळू म्हणे, कुणी चिकटपट्टी. सुंदराबाई आवरता आवरता ऐकत होत्या. त्या जिन्याखाली गेल्या, तिथे पडलेल्या जुन्या सायकलच्या हँडलची रबरी मूठ ओढून काढली, विळीवर तिचा एक तुकडा कापला आणि गरम पाण्यात मऊ करून रिळाच्या मुठीवर चढवला. चिंध्या आत ठासल्यावर तो गच्च बसला.

"धरा," त्या म्हणाल्या.

भीमरावांनी धरलं. खरबरीत, जाड, भरघोस मूठ. फिरवून पाहिलं. बोटं जागची हलली नाहीत.

"इंजिनिअर बाई घरात आहे आणि आम्ही भांडतोय," ते म्हणाले.

"भाकरी थापणाऱ्याला मूठ कळते," असं म्हणत त्या आत गेल्या, पण त्यांचा चेहरा खुलला होता.

मैदानावरची पहिली डावी फेक भीमरावांच्या मागे गेली. दुसरी कडुलिंबात अडकली आणि मुलांनी चढून आमिष काढून दिलं. मग आमिषांची निवड सुरू झाली. भिंगरी फारच हलकी. डाव्या हाताला अजून झटका देता येत नव्हता आणि जरा वारा आला की ती भरकटायची. बेडूक बांधला तर बारीक काठी लोंबकळली, सरळ व्हायचं नावच घेईना. भीमराव डबा उपसत बसले. शेवटी त्यांनी तळातून एक चमचा काढला. चमचाच म्हणायचे त्याला. दांडा नसलेल्या चहाच्या चमच्यासारखा रुपेरी पत्रा. भिंगरीपेक्षा जड, बेडकापेक्षा हलका.

तो बांधून त्यांनी काठी मागे नेली आणि या वेळी जोर केला नाही. नुसती पुढे आणली. काठी वाकली, सरळ झाली आणि चमचा उन्हात चमकत मैदानाच्या पार पलीकडच्या कुंपणापर्यंत गेला.

त्यांनी दोरा सावकाश गुंडाळून घेतला. मग म्हणाले, "वारा मागून होता." पण दिवसभर पुन्हा पुन्हा ते त्या फेकीचीच गोष्ट काढत होते.

थंडी सुरू झाल्यावर एका रविवारी प्रियदर्शनीनं गाडी काढली आणि दोघं पौडच्या बाजूला एका पाझर तलावावर गेले. तलावाचा मासेमारीचा ठेका सोनबा नावाच्या माणसाकडे होता. भीमराव त्याच्याकडे वर्षानुवर्षं येत होते. सोनबा बांधावरून उतरून आला, त्यानं भीमरावांचा हात पाहिला आणि विचारपूस न करता गाडीतून खुर्ची काढून घेतली.

"जय भीम, दादा. लई दिसांनी. मरळ हाय बघा त्या पाणवेलीत, रोज उडती. पर तुमची ती मोठी काठी कुठंय?"

"ती हिच्याकडे गेली," भीमराव मुलीकडे बघून म्हणाले. "मी आता उघड्या पाण्यात."

ठरलं तसंच केलं. प्रियदर्शनी नवी कडी बसवलेली ताठ काठी आणि बेडूक घेऊन पाणवेलीच्या कडेला उभी राहिली. भीमराव बांधावर खुर्ची टाकून मोकळ्या पाण्यात चमचा फेकू लागले. फेकायचं, जरा बुडू द्यायचं, मग उजव्या हातानं सावकाश गुंडाळायचं. त्यांच्या हाताचा जो वेग होता, तोच चमच्याला बरोबर लागू पडत होता. भरभर ओढला असता तर तो नुसता फिरत राहिला असता. या संथ ओढीत तो जखमी मासोळीसारखा इकडून तिकडे डोलत यायचा.

वेलीवर प्रियदर्शनीचा बेडूक टुणटुण चालला असताना पाणी फाटल्यासारखं झालं आणि बेडूक नाहीसा झाला. तिनं लगेच काठी खेचली. बेडूक रिकामा उडून परत आला.

"घाई!" भीमराव ओरडले. "तोंडात जाऊ दे की तिच्या. तोंड मिटू दे. मग ओढायचं."

"किती वेळ थांबायचं पण?"

"एक श्वास. तुझा नाही, माझा. तुझे फार भरभर चालतात."

ती हसत पुन्हा फेकायला वळली, तेवढ्यात मागून रिळाचा कर्रर्र आवाज आला. भीमरावांची बारीक काठी अर्ध्यापर्यंत वाकली होती आणि दोरा पळत होता. रिळाला ब्रेक असतो. मासा जोरात ओढू लागला की तो थोडा थोडा दोरा सोडतो, म्हणजे तुटत नाही. भीमराव खुर्चीतून उठले होते. डावा हात ताठ, उजवा हात त्या रबरी मुठीवर.

"बाबा, मी धरू का?"

"हात लावू नकोस."

मासा वेलींकडे निघाला. तिकडे शिरला असता तर बारीक तंगूस तुटलंच असतं. भीमरावांनी काठी आडवी करून त्याला वळवलं. मग एक फेरा गुंडाळला. थांबले. पुन्हा एक फेरा. मासा दोरा घेऊन जायचा, ते जाऊ द्यायचे, थांबला की गुंडाळायचे. कपाळावर घाम आला. पण उजव्या हातातून मूठ सुटली नाही. सोनबा जाळी घेऊन पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरला.

"सावकाश, दादा."

"दुसरं काही येतंय का मला?"

लांबट, काळपट, पोटावर पांढरी अशी मरळ जाळीत आली. फार मोठी नव्हती, पण अंगानं भरलेली, चिडलेली. चमचा तिच्या जबड्याच्या कोपऱ्यात अडकला होता. भीमराव खाली बसले ते बांधाच्या गवतावरच. उजवा हात त्यांनी उघडून बघितला. तळव्यावर सायकलच्या मुठीच्या रेघा उमटल्या होत्या.

"दुखतोय?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"दुखतोय," ते आनंदानं म्हणाले. "किती दिवसांनी काहीतरी जाणवतंय त्याला."

प्रियदर्शनीला त्या दिवशी मरळ मिळाली नाही. दुसऱ्यांदाही तिनं घाई केली. भीमरावांनी परतीच्या वाटेवर तिला ते सविस्तर समजावलं. भूगावला गाड्यांच्या रांगेत अडकल्यावर पुन्हा एकदा समजावलं आणि तिनं दोन्ही वेळा ऐकून घेतलं. रात्री सुंदराबाईंनी मरळीचं लालभडक कालवण केलं आणि भीमरावांनी पहिल्यांदा वाढलेलं संपवून दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

पुढच्या खेपेला त्या दोघांबरोबर सुंदराबाईही आल्या. त्यांनी डबे आणले, सतरंजी आणली आणि सावलीत बसून लसूण सोलायला घेतला. मध्येच उठून बांधावर आल्या. नवऱ्याची डावी फेक बघितली, लेकीची लांब फेक बघितली.

"काय गं, आई?"

"काही नाही. तुम्हा दोघांचं बरं जमलंय." त्यांनी लेकीची जाड काठी हातात तोलून पाहिली. "माझ्या खांद्याला झेपेल अशी नाही का एखादी?"

भीमरावांनी दोरा गुंडाळत गुंडाळत सुंदराबाईंकडे पाहिलं. त्यांची उंची, हात, लसूण सोलणारी चपळ बोटं.

"आखूड काठी लागेल," ते विचार करत म्हणाले. "चांगली लवचीक. आणि भिंगरी. हिच्या मनगटाला भिंगरीच शोभेल. दर्शू, डबा उघड."